साडेतीन मणांची घट

बाबा गेल्यानंतर विसाव्या दिवशी त्यांच्या नावाने सरकारी पत्र आलं. श्री. कमलाकांत चुरी, चिटणीस, धान्यकोठी, टेपाचा पाडा, यांस. आपला अर्ज विचारात घेण्यात आला असून चोवीस मार्च रोजी अधिकारी कोठीची पाहणी करतील. सभासदांचं स्वतःचं चाळीस मण भात कोठीत आढळल्यास तेवढंच भात सरकारकडून अनुदान म्हणून मिळेल. एकतीस मार्चनंतर योजनेतील शिल्लक रक्कम परत जाईल, याची नोंद घ्यावी.

पत्र वाचून मी ते पुन्हा पाकिटात घातलं. १९६६ चा फेब्रुवारी संपत आला होता. भाऊ तेरावा आटोपून नाशिकला परत गेला होता. मी मुंबईत एका वाचनालयात नोकरी करत होते. रजा वाढवून पालघरच्या घरी थांबले होते, कागद आवरायला.

कागद पुष्कळ होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी अकरा वर्षं अर्ज लिहिले. विहिरीसाठी कर्ज, कोठीच्या छपरासाठी पत्रे, बियाणं, बैल, आणि सगळ्यांत जास्त वेळा धान्य. प्रत्येक अर्जाची नक्कल टाचलेली, तिच्या मागे आलेलं उत्तर. मासेमारीचं काम पाहणाऱ्या एका कचेरीने कळवलं होतं की आपला पाडा समुद्रापासून दूर असल्यामुळे विहिरीसाठी कर्ज देता येत नाही. त्यावर बाबांनी शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बरोबर’. मुंबईच्या एका धर्मादाय संस्थेने धान्याऐवजी बत्तीस घोंगड्या पाठवल्या होत्या. त्यांना लिहिलेल्या आभाराच्या पत्रात शेवटी पुन्हा धान्याची मागणी होती.

कोठीची कल्पना साधी होती. भात निघालं की पाड्यातल्या प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे कोठीत घालायचं. आषाढ-श्रावणात घरातलं संपलं की खावटी म्हणून न्यायचं, आणि नवं आलं की सवाईने परत करायचं. पण टेपाच्या पाड्याची जमीन डोंगरउताराची, पाऊस देईल तेवढंच पीक. कोठीतलं भात कधी पुरं पडलं नाही. गेल्या वर्षी ते श्रावणाच्या पहिल्या आठवड्यातच संपलं आणि पुढचे चार आठवडे पाडा कडूकंदांवर राहिला. ते कंद रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून, पुन्हा पुन्हा उकळून खावे लागतात. त्या दिवसांत लाडकी नावाच्या बाईचं तान्हं मूल गेलं. अर्जाच्या कच्च्या खर्ड्यात बाबांनी हे लिहिलं होतं, मग खोडलं होतं, मग पुन्हा लिहिलं होतं.

सरकारचे चाळीस मण मिळाले तर कोठी भाद्रपदापर्यंत पुरली असती. बाबांनी हिशेब करून ठेवला होता.

अर्जासोबत कोठीचे नियम जोडले होते. एकूण आठ. सातव्याखाली त्यांनी रेघ मारली होती: ‘कोठीतील धान्य लग्न, सण अथवा मृताचे दिवस यांसाठी कोणासही, कोणत्याही कारणाने दिले जाणार नाही.’

पाहणीच्या आदल्या दिवशी मी पाड्यावर गेले. मनोरकडे जाणाऱ्या गाडीने मासवणला उतरून पुढे दीड तास चालायचं. मोहाची फुलं गळत होती आणि बायका पाट्या घेऊन झाडांखाली वाकलेल्या होत्या. कोठीचा अध्यक्ष नवशा वाटेवर येऊन उभा होता. बाबांना नेलं त्या दिवशी तो पालघरला आला होता, स्मशानाच्या बाहेर दगडावर बसून राहिला होता आणि तसाच परत गेला होता. “चला, बाय,” म्हणाला आणि पुढे चालू लागला.

कोठी म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली. आत दोन मोठ्या कणग्या, छातीएवढ्या उंच, बांबूच्या विणलेल्या आणि शेणमातीने आतबाहेर लिंपलेल्या. त्या नवशाच्या थोरल्या बहिणीने, जमनाने, विणल्या होत्या आणि लिंपणही तीच करत असे. नवरा गेल्यापासून ती कोठीच सांभाळत होती. मी आल्याचं पाहून ती पायली घेऊन उठली. मी प्रत्येक पायलीला एक रेघ ओढायची, बारा पायल्या झाल्या की एक मण. मोजायला सकाळ गेली. दारात माणसं जमत गेली, बसत गेली.

छत्तीस मण सहा पायल्या भरल्या.

“जमनाबाई, चाळीस असायला हवेत,” मी म्हणाले.

“व्हते.”

“मग?”

तिने नवशाकडे पाहिलं. नवशाने छपराकडे पाहिलं. दारातली माणसं आपापल्या पायांकडे पाहू लागली. शेवटी बोलला तो जिवल्या, तिशीतला, बोईसरला खणाईच्या कामावर जाणारा. शिमग्याला घरी आला होता आणि अजून परत गेला नव्हता.

“गुरुजींच्या दिसाला खाल्ला,” तो म्हणाला. “दोनशे मानूस व्हता. पल्याडच्या तीन पाड्यांचा पन आला.”

“कोणाच्या?”

“तुज्या बापाच्या,” जमना म्हणाली. “दुसऱ्या कोना गुरुजीला आमी वळखत नाय.”

मी रेघांचा कागद खाली ठेवला.

“इथे दिवस घातलेत त्यांचे?”

“मंग? मानूस आमचा व्हता,” नवशा म्हणाला. “रिकाम्या हातानं कसा धाडाचा?”

“पण सातवा नियम,” मी म्हणाले आणि थांबले.

“ठाव हाय,” जिवल्या म्हणाला. “मला तर लय चांगला ठाव हाय. दोन वर्सांमागं माजा बाप मेला. मी दोन मण मागाया गेलो. गुरुजींनी नेमांचा पुठ्ठा काढला नि वाचून दावला. कोठी जित्यांची हाय म्हनले. मी बापाचे दिस नागलीच्या आंबिलीवर केले. मानसं जेवून गेली नि वाटंत हसली.”

“मग त्यांच्यासाठी कोठी उघडायची कोणी ठरवली?”

“मीच म्हनलो उघडा. म्हनलो, आता या गुरुजी, नि नाय म्हना.”

दारात कोणीतरी हसलं. जमनाही हसली, तोंडावर पदर घेऊन.

“रागानं केलंत?” मी विचारलं.

जिवल्याने थोडा विचार केला. “राग व्हता,” तो म्हणाला. “पन रागानं दोनशे मानूस जेववत नाय कोन. दोनी व्हतं.”

मी विचारलं नसतानाही जमनाने सांगितलं, काय केलं होतं ते. भात, उडदाचं वरण, सुके बोंबील. बोंबील जिवल्याने बोईसरच्या बाजारातून आणले होते. पहिलं पान बाबांचं म्हणून बाहेर सागाखाली ठेवलं. कावळा आला का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

मी त्यांना पत्रातली अट पुन्हा वाचून दाखवली. चाळीस मण. त्यांना ती ठाऊक होती. बाबांनी चार वर्षं तीच सांगितली होती. पण दिवस घालताना अट आणि बाबा या दोन गोष्टी त्यांनी एका ठिकाणी आणल्या नव्हत्या. अर्ज बाबांचा होता. बाबाच गेले, म्हणजे अर्जही गेला, असं त्यांनी धरलं होतं. माणसाच्या मागे त्याचा कागद चालत राहतो आणि एक दिवस दारात येऊन उभा राहतो, हे पाड्यावर कोणाच्या ध्यानी आलं नव्हतं.

“साडेतीन मण मी पालघरहून विकत आणते,” मी म्हणाले. भाताच्या ने-आणीला त्या वर्षी परवाना लागत होता आणि एका दिवसात तो मिळणार नव्हता. तरी मी म्हणाले.

“मंग त्यो तुमचा भात,” नवशा म्हणाला. “सरकार इचारल सभासदाचा कुठं हाय?”

“नि दिस आमी घातले का तू?” जमनाने मला विचारलं. “आमच्याकडं जेवन झालं, पैशे तू भरनार? मंग आमी कोन, वाढपी?”

मी उठून बाहेर आले. घराघरांत आढ्याला बियाण्याचे मुडे टांगलेले दिसत होते. त्यांच्याकडे कोणी बोट केलं नाही. मीही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी पुन्हा गेले. गाडीत बसून एक वाक्य तयार केलं: ‘चिटणीस मृत्यू पावल्यावर सभासदांनी त्यांच्या दिवसकार्यासाठी साडेतीन मण भात वापरले.’ त्यात जास्तीचा शब्द नव्हता. कुठल्याही तपासणीत टिकेल असं होतं.

पाहणीला आलेले अधिकारी पागधरे सातपाटीचे, चाळिशीचे. घरची मासेमारी सोडून नोकरीत आलेले. मासवणला सायकल ठेवून ते चालत आले होते. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं, मग मला म्हणाले, “गुरुजी दर सोमवारी आमच्याकडे बाकावर येऊन बसायचे. दुपारचा डबा बरोबर. अर्ज पुढे सरकला नाही की डब्यातलं मला द्यायचे. तुमच्याकडची वालाची भाजी मी चार वर्षं खाल्ली आहे.”

त्यांनी कणग्यांमध्ये काठी घालून खोली पाहिली, फेरा मोजला, कागदावर गुणाकार केला. मग पाहणीचा छापील नमुना काढला आणि माझी टिपणी मागितली.

“साडेछत्तीस. माझेही तेवढेच येतात.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण इथे आदल्या पाहणीत, नोव्हेंबरात, चाळीस लिहिलेत. माझीच सही आहे. म्हणजे घट आली. हा नववा रकाना, घट. हा दहावा, कारण.”

“कारण मी सांगते,” मी म्हणाले.

“थांबा. आधी मी सांगतो, मग तुम्ही सांगा.” ते कणगीला टेकून बसले. “साठवणीत दहा टक्के घट सरकारला मान्य आहे. ओल, कीड, उंदीर. चाळिसांचे दहा टक्के चार. तुमचे साडेतीन. उंदीर लिहा, चिटणीस म्हणून सही करा, मी शिफारस करून निघतो. आमच्या सातपाटीला सुकट कमी भरली की मांजर. आमच्या आईच्या मांजरानं आजवर जेवढे बोंबील खाल्लेत, तेवढे एका होडीत मावायचे नाहीत.”

माणसं हसली. जमना हसली नाही.

“उंदीर?” ती म्हणाली. “कुठला उंदीर?”

“कागदावरचा, बाई.”

“माज्या कनगीत?” ती उठून उभी राहिली. “सायेब, हात फिरवा. अंगून फिरवा, भाइरून फिरवा. बोट शिरंल एवडं भोक दावा, नाक कापून देतंय. अकरा वर्सं लिंपतंय मी. चार पाड्यांच्या बाया माज्याकडं लिंपान शिकाया येतात. नि तुमी कागदावर लिवनार, जमनाच्या कनगीत उंदीर शिरला?”

“आका, नाव नाय लिवत त्यात,” जिवल्या म्हणाला. “नुसता उंदीर.”

“तू गप. तुज्या घरात मांजर पन उपाशी मरतंय.”

“मग माणसांनी खाल्लं असं लिहू,” पागधरे शांतपणे म्हणाले. “दिवसकार्याला. मला मासवणलाच कळलं ते, एवढं जेवण लपत नाही. पण तुमचाच सातवा नियम अर्जाला जोडलेला आहे. वरचे साहेब तो वाचतील आणि विचारतील, जी कोठी स्वतःचा नियम पाळत नाही तिला सरकारचं धान्य कशाला. अर्ज गेला. पुन्हा नवा करायचा. कोण करणार?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नमुना माझ्या मांडीवर होता, पेन हातात.

मला खरं कारण लिहायचं होतं. सत्याचा आग्रह म्हणून नव्हे; तसा आग्रह बाबांना होता, मला नाही. पालघरला तेराव्याला बत्तीस पानं उठली. यादी मीच केली होती, गुळापासून द्रोणांपर्यंत, आणि ती संपल्यावर मी पुढची यादी केली. त्या तेरा दिवसांत मला काय वाटलं हे मला सांगता आलं नसतं. इथे ज्याला त्यांनी नाही म्हटलं होतं त्याने कोठी उघडायला लावून दोनशे माणसांना त्यांच्या नावाने जेवू घातलं होतं, आणि ही गोष्ट लिहिली जाण्याची शक्यता असलेली जागा जगात एकच होती, दहावा रकाना. तिची रुंदी दोन बोटं होती. माझं वाक्य त्यात बसत होतं.

दारापाशी एक बाई मोहाची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. दोन्ही दिवस ती तिथेच होती आणि एक शब्द बोलली नव्हती. तिने पागधऱ्यांना विचारलं, “उंदीर लिवला तर भात कवा येल?”

“मे महिन्यात. पावसाच्या आत नक्की.”

“नि खरा लिवला तर?”

“नाही येणार.”

तिने मान हलवली आणि पुन्हा फुलं निवडायला लागली.

“लाडकी,” नवशा हळू आवाजात मला म्हणाला. सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं.

मी जमनाकडे पाहिलं. ती लाडकीकडे पाहत होती. मग ती कुडाकडे गेली, तिथे खोचलेला कोयता काढला, आणि जवळच्या कणगीच्या बुडाशी उकिडवी बसली. पहिला घाव नुसता खरवडला. दुसऱ्याला लिंपण फुटलं. तिसऱ्याला कोयता आत गेला आणि तिने तो फिरवला. मूठभर भोक झालं. त्यातून भात सळसळत बाहेर आलं आणि तिच्या पावलांवर साचलं.

“या, सायेब,” ती म्हणाली. “बघा उंदीर.”

पागधरे गुडघे टेकून वाकले आणि भोकात नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“मोठा दिसतो,” ते म्हणाले.

“घूस हाय,” जिवल्या म्हणाला.

तेव्हा जमनाही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि कोणाकडे न बघता म्हणाली, “लिव, बाय. लौकर लिव, भात सांडतोय.”

मी लिहिलं. घट: साडेतीन मण. कारण: उंदीर. त्याखाली सही. पागधऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे सहीपुढे ‘चिटणीस, कमलाकांत चुरी यांच्या जागी’ असं लिहिलं. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागद हातात धरून ठेवला, मग घडी घातली.

ते गेल्यावर जमनाने सांडलेलं भात सुपात भरून परत कणगीत टाकलं. नवशाच्या सुनेने शेण आणलं, माती भिजवली. जमनाने भोकात आधी बांबूच्या चार पट्ट्या अडकवल्या, मग तळहाताने गारा दाबत गेली. मी मध्ये उभी होते. “सरक, बाय,” ती म्हणाली. मी सरकले. जिवल्या मला मासवणपर्यंत सोडायला आला. वाटेत त्याने बोईसरच्या कामाचं सांगितलं, तिथल्या मजुरांची हिंदी आपल्याला कशी जमत नाही ते. गाडी आली तेव्हा तो म्हणाला, “वर्साचं घालाचं असंल तर कळवा. कोठीतून नाय. आमी आमचं आनू.”

एकतीस मार्चच्या तारखेची मंजुरी एप्रिलच्या अखेरीला हाती आली आणि भात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात. ट्रक मासवणपर्यंत आला. पुढे पोती डोक्यावरून आणि एका बैलगाडीतून. मी मुंबईहून दोन दिवसांची रजा काढून आले होते. पहिलं पोतं सुटण्याआधी नवशाने मंजुरीचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवायला सांगितलं. बाबा तसं करत, प्रत्येक पत्र, नकाराचंसुद्धा.

मी वाचलं. चाळीस मण भात अनुदान म्हणून देण्यात येत आहे. सभासदांनी नियमांचे पालन करावे. हिशेब दर सहा महिन्यांनी सादर करावा. त्यानंतर एक ओळ होती: ‘पाहणीत आढळलेला उंदरांचा उपद्रव लक्षात घेता कणग्यांच्या देखभालीकडे विशेष लक्ष देण्यात यावे.’

मी पत्र मिटलं.

“संपला?” जमनाने विचारलं. ती पायली घेऊन तयार बसली होती.

“संपलं.”

“उंदराचं काय लिवलंय?”

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पहिली पायली भरून घेतली.